अंदमान एका कोठडीत मावत नाही

सहलीचा कार्यक्रम हासुद्धा एक अभ्यासक्रमच असतो. कुठे थांबायचं, कुठे किती वेळ द्यायचा, काय दाखवायचं आणि काय वगळायचं हे आपल्या आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. पाठ्यपुस्तकात एखादा धडा गाळला तर आपण निदान बोंब तरी मारतो. सहलीच्या कार्यक्रमात धडेच्या धडे गाळलेले असतात आणि आपण त्याचे हप्ते भरतो.

हे सांगायचं कारण, आमच्या काष्टी परिसरातले काही शिक्षक दिवाळीच्या सुट्टीत कुटुंबासह अंदमानला निघालेत. दौंडहून रेल्वेने चेन्नई, तिथून विमान, पाच रात्री सहा दिवस. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून इतिहासाचं काय बघायचं ते तुम्ही सांगा, असं म्हणत त्यांनी कार्यक्रमाचा कागद माझ्याकडे दिला. पहिला दिवस सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम. दुसरा दिवस रॉस आणि नॉर्थ बे. मग हॅवलॉक, राधानगर बीच, नील, एक दिवस बाराटांग, शेवटी खरेदी. थोड्याफार फरकाने महाराष्ट्रातली बहुतेक मंडळी हेच अंदमान बघून येतात. इतिहास पहिल्या दिवशी संपतो, पुढचे पाच दिवस पाणी.

आमच्या शनिवारच्या बाजारात बैल घ्यायला आलेला शेतकरी दात बघतो, चालवून बघतो, चार जणांना विचारतो, मगच रुमालाखाली हात घालतो. तोच माणूस अंदमानचं पॅकेज घेताना एवढंच विचारतो, 'जेवण घरगुती आहे ना?'

सावरकरांच्या कोठडीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन जुलै 1911 मध्ये तो तरुण तिथं उतरला. त्याचे थोरले बंधू बाबाराव आधीपासून त्याच तुरुंगात होते. कोलू ओढणं काय असतं, हे तिथला नमुना बघितल्यावर कळतं. ती कोठडी बघावी. माझं भांडण आहे ते तिथंच थांबण्याशी. महाराष्ट्रात अंदमान म्हटलं की दोन तट पडतात. एक कोठडीसमोर हात जोडतो, दुसरा माफीचे अर्ज मोजतो. वर्षानुवर्षं त्यांचं भांडण चालू आहे, पण दोघांचं अंदमान त्याच एका खोलीत मावतं. त्याच तुरुंगाच्या मधल्या मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर प्रांतवार कैद्यांची नावं कोरलीत. सगळ्यात जास्त नावं बंगालची आहेत. 1933 च्या उपोषणात जबरदस्तीने दूध पाजताना मेलेले महावीर सिंग त्याच तुरुंगातले. त्या पाट्यांसमोर आपली मंडळी किती वेळ उभी राहते?

आता मुसलमानांचं बघू. मराठी वाचकाने अंदमानचं बहुधा एकच पुस्तक वाचलेलं असतं, 'माझी जन्मठेप'. त्यात त्याला मुसलमान भेटतात ते प्रामुख्याने पठाण, बलुची, सिंधी वॉर्डर म्हणून, छळणारे आणि बाटवणारे. लेखकाने जे भोगलं ते त्याने लिहिलं. पण हे वॉर्डर स्वतः जन्मठेपेचे कैदीच होते. जुन्या कैद्याला पट्टा देऊन नव्या कैद्याच्या उरावर बसवायचं, ही इंग्रजांच्या तुरुंगाची रीत होती. त्यामुळे पगारी माणसं कमी लागत आणि कैदी एकमेकांचे वैरी होत. पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनात मात्र अंदमानचा मुसलमान म्हणजे हातात दंडुका घेतलेला पठाण, एवढंच उरतं. सहलीचा कार्यक्रम हे चित्र पुसत नाही, कारण त्यात दुसरा मुसलमानच नाही.

दुसरा होता. सेल्युलर जेलचं बांधकाम 1896 ला सुरू झालं आणि 1906 ला संपलं. काळं पाणी त्याच्या चाळीस वर्षं आधीचं. 10 मार्च 1858 रोजी डॉ. वॉकर सुमारे दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला, ते 1857 च्या बंडाच्या आरोपाखाली पकडलेले. जंगल तोडणारे ते, तापाने मेलेले ते. त्यांनी सेल्युलर जेल कधी बघितलाच नाही, कारण तो नव्हताच. त्या पहिल्या काळातल्या कैद्यांमध्ये शिपाई होते, जमीनदार होते आणि मौलवीही होते.

त्यातले एक मौलाना फजले हक खैराबादी. तर्कशास्त्राचे मोठे विद्वान आणि मिर्झा गालिबचे मित्र. बंडात सामील झाल्याबद्दल त्यांना जन्मठेप झाली. 1857 च्या उठावाची हकिकत त्यांनी अंदमानात कैदी असताना अरबीत लिहिली आणि 1861 मध्ये तिथंच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. त्यांची कबर पोर्ट ब्लेअरमध्ये आहे. आम्ही उर्दूचे शिक्षक गालिबचा एकेक शेर मुलांकडून घोकून घेतो, पण त्याच्या या दोस्ताची कबर कुठं आहे, हे आम्ही वर्गात सांगत नाही.

दुसरे मौलवी लियाकत अली. 1857 च्या जूनमध्ये अलाहाबादेत खुसरो बाग हे ठाणं करून त्यांनी बादशहाच्या नावाने कारभार हाती घेतला. त्यांचा पाडाव करायला आला तो कर्नल जेम्स नील. अलाहाबाद आणि आसपासच्या गावांत त्याने जी फाशीसत्रं चालवली ती इंग्रज इतिहासकारांनाही झाकता आली नाहीत. लियाकत अली पुढे कित्येक वर्षं लपून राहिले, 1870 नंतर पकडले गेले आणि 1892 मध्ये अंदमानात कैदी म्हणून वारले. आता कार्यक्रमाचा कागद परत बघा. 'चौथा दिवस – नील बेट, नैसर्गिक पूल, सूर्यास्त.' ते नील याच नीलचं. हॅवलॉक म्हणजे 1857 चं बंड मोडणारा जनरल हेन्री हॅवलॉक. ज्यांनी बंड मोडलं त्यांची नावं बेटांना आणि ज्यांनी केलं त्यांच्या कबरी झुडपांत, अशी दीडशे वर्षं गेली. डिसेंबर 2018 मध्ये नीलचं शहीद द्वीप झालं आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप. ही दोन्ही नावं नेताजींनी 1943 मध्ये या द्वीपसमूहाला दिलेली. एक शब्द अरबीतून आलेला, एक संस्कृतातला. नामांतरावर टाळ्या वाजवणाऱ्यांना आणि नाकं मुरडणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. नाव बदललं, पण शहीद कोण हे सहलीत कुणी सांगितलं का?

इथं आपल्या लोकांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. अंदमानचा विषय निघाला की आपल्या घरांत म्हणतात, 'वो उनकी जगा है, अपना क्या काम उधर?' आपण स्वतःच सोडून दिलेल्या जागेवर दुसऱ्याने पाटी लावली तर तक्रार कुणाकडे करणार? दुसरीकडे 15 ऑगस्ट जवळ आला की याच घरांतून मोबाइलवर एक मजकूर फिरतो, इंडिया गेटवर म्हणे स्वातंत्र्यासाठी मेलेल्या हजारो मुसलमानांची नावं आहेत. इंडिया गेट हे पहिल्या महायुद्धात आणि अफगाण युद्धात मेलेल्या ब्रिटिश हिंदी लष्करातल्या सैनिकांचं स्मारक आहे. ती माणसं इंग्रजांच्या बाजूने लढताना मेली. असला खोटा मजकूर पुढे ढकलून आपण खैराबादींचाही अपमान करतो. खरं नाव हाताशी असताना खोट्या आकड्याची गरज का पडावी?

खरं सांगायचं तर पूर्ण सांगावं लागतं. 8 फेब्रुवारी 1872 रोजी होपटाउनच्या धक्क्यावर व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला शेर अली आफ्रिदीने भोसकलं आणि त्याला व्हायपर बेटावर फाशी झाली. हिंदुस्थानात खून झालेला हा एकमेव व्हाइसरॉय. पण शेर अली अंदमानात आला होता तो खानदानी वैरातल्या खुनाची शिक्षा घेऊन, आणि त्याआधी त्याने इंग्रजांचीच चाकरी केली होती. त्याच्या मनात काय होतं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. त्याला घाईघाईने क्रांतिकारकाचा फेटा बांधू नये. त्याला विसरूनही जाऊ नये. आपल्याला आपल्या वाट्याचे वीर नकोत, पूर्ण हजेरीपट हवा.

तेच मोपल्यांचं. 1921 च्या मलबारच्या उठावात इंग्रजांविरुद्ध आणि जमीनदारांविरुद्ध जशी बंदूक उठली तसे हिंदूंवर अत्याचारही झाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यातल्या कैद्यांना अंदमानात पाठवलं, पुढे त्यांची कुटुंबंही आली आणि त्यांनी वसवलेल्या वस्त्यांना त्यांनी आपल्या गावांची नावं दिली: कालिकत, मंजेरी, मलप्पुरम, वंडूर. सावरकरांनी याच उठावावर 'मला काय त्याचे' ही कादंबरी लिहिली, ती वाचलेला मराठी पर्यटक वंडूरच्या धक्क्यावरून जॉली बॉयच्या बोटीत बसतो, प्रवाळ बघतो आणि परत येतो. आपण मोपल्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या गावात उभे आहोत, हे त्याला कुणी सांगत नाही. सांगितलं असतं तर तिथल्या टपरीवर चहा पिताना त्याने दोन शब्द बोलून बघितले असते. कादंबरीतला मोपला आणि चहा देणारा मोपला एकमेकांशी कितपत जुळतात, हे त्याचं त्यालाच पडताळता आलं असतं.

बोलायला भाषेची अडचणही आली नसती. कैदी देशभरातून आले, तिथंच सुटले, तिथंच लग्नं लागली. जात बघायला गावकी नव्हती, धर्म बघायला भावकी नव्हती. त्यांची मुलं-नातवंडं स्वतःला 'लोकल बॉर्न' म्हणवतात आणि बंगाली, तमीळ, मल्याळी, तेलुगू, पंजाबी सगळ्यांची तिथली सामाईक बोली हिंदुस्थानी आहे. आपल्याकडे उर्दू कुणाची आणि हिंदी कुणाची यावर शाळांच्या भिंती उभ्या राहतात. तिथं खुन्यांच्या आणि बंडखोरांच्या लेकरांनी तो प्रश्न शंभर वर्षांपूर्वी निकालात काढला. भाषेच्या शिक्षकाला यापेक्षा मोठं प्रेक्षणीय स्थळ कोणतं?

एक दिवस मात्र मी कागदावरून खोडायला सांगितला, बाराटांगचा. तिथं जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचा तांडा पोलिसांच्या पहाऱ्यात निघतो, आणि चुनखडीच्या गुहा हे निमित्त असतं, 'जारवा दिसला का?' हाच खरा प्रश्न असतो. या राखीव भागातला रस्ता बंद करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलं होतं. रस्ता चालूच राहिला. 2012 मध्ये पर्यटकांसमोर जारवा बायकांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगाने बघितली. आपल्याला कुणी नमुना म्हणून बघितलं की आपण चिडतो. मग माणसं बघायला काच खाली करून आपणच निघायचं? गुहा बघायच्याच असतील तर समुद्रमार्गे बोटीने जाता येतं.

हे सगळं ऐकून एक सहकारी म्हणाले, 'सर, आम्ही मौज करायला चाललोय, बी.एड. करायला नाही.' मौज करावीच. राधानगरच्या वाळूवर मीही पाय सोडून बसेन. पण मौजेला पाच दिवस आणि इतिहासाला दोन तास, तेही एकाच माणसाच्या नावाने, असं ठरलेलं असेल तर निदान 'तीर्थयात्रा' असा शब्द जाहिरातीत वापरू नये. हा रोग अंदमानपुरता नाही. आमच्या जिल्ह्यातल्या नगरच्या किल्ल्यात 1942 ते 1945 काँग्रेसची बडी मंडळी कैदेत होती. नेहरूंची खोली लोकांना ठाऊक असते. मौलाना आझादांनी 'गुबारे खातिर'मधली पत्रं याच किल्ल्यात लिहिली, हे नगरच्याच उर्दू शाळेतल्या पोरांना विचारून बघा.

म्हणून मी कार्यक्रमाचा कागद दुरुस्त करून दिला. पहिला दिवस सेल्युलर जेल, पण सावरकरांच्या कोठडीइतकाच वेळ मनोऱ्यातल्या पाट्यांसमोर, मुलांच्या हातात वही देऊन. डॉ. दिवान सिंग याच तुरुंगात जानेवारी 1944 मध्ये मेले, तेही जपान्यांच्या छळाने, हे तिथंच सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी खैराबादींची कबर, मग व्हायपर बेटावरचं फाशीघर. तिसऱ्या दिवशी वंडूर आणि मोपल्यांची गावं, जाताना-येताना हंफ्रीगंज, जिथं 30 जानेवारी 1944 रोजी जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून 44 हिंदी माणसांना गोळ्या घातल्या. चौथा आणि पाचवा दिवस स्वराज आणि शहीद द्वीप, पोहायला, खायला, झोपायला. सहाव्या दिवशी परत. कुठलंही स्थळ बोटीच्या वेळेमुळे मागेपुढे झालं तरी चालेल, गाळायचं नाही.

टूरवाल्याने याचे जादा पैसे सांगितले तर बाराटांगचे वाचलेले त्याला द्या. आणि तो म्हणाला की 'एवढं कुणी मागत नाही', तर त्याला सांगा, आम्ही मागतोय. चार-सहा गावांतून अशी मागणी गेली की पुढच्या वर्षीचा कागद तो स्वतःच बदलेल. त्याला इतिहासाशी देणंघेणं नाही, गिऱ्हाइकाशी आहे. गिऱ्हाईक आपण आहोत.