नुसती बटणं फिरवली?

परवा ऑफिसात एका मित्राला हेडफोन देऊन 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' ऐकवलं. अर्ध्या मिनिटात हेडफोन परत. "अरे, हे अर्धवट वाजतंय. गायक मधेच जातो कुठे? आणि तुझ्या टबीने यात केलं काय? गाणं दुसऱ्याचं, वाजवलं दुसऱ्यांनी. याने नुसती बटणं फिरवली!"

एरवी सोडून दिलं असतं. पण हा मित्र स्वतः प्रोग्रॅमर आहे, म्हणून जास्त डोक्यात गेलं.

किंग टबी म्हणजे ऑस्बर्न रडॉक. जन्म १९४१, किंग्स्टन, जमैका. पोटापाण्याचा धंदा रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्तीचा. तिथे गाणं पोचायचं ते साउंड सिस्टिमवरून: उघड्यावर भिंतीएवढे स्पीकर रचायचे आणि रात्रभर नाचायचं. टबीची स्वतःची सिस्टिम होती, शिवाय ड्यूक रीडच्या स्टुडिओसाठी तो टेपवरून तबकड्या कापायचा. १९६८ च्या सुमाराची गोष्ट सांगतात, की त्याच स्टुडिओत एका गाण्याची तबकडी कापताना गायकाचा ट्रॅक चुकून राहिला. ती वाजली तेव्हा मोकळी जागा समोरच्या गर्दीने स्वतः गाऊन भरून काढली. तेव्हापासून रेकॉर्डच्या मागच्या बाजूला बिनगाण्याचं 'व्हर्जन' छापायची रीतच पडली.

इथपर्यंत मित्राचं बरोबर आहे. नुसता आवाज काढून टाकायला राजा लागत नाही.

पण टबीने पुढे काय केलं बघा. दुसऱ्या स्टुडिओने वापरलेलं चार ट्रॅकचं मिक्सर त्याने ड्रोमिली अॅव्हेन्यूवरच्या घरात आणून बसवलं. गायकाने उभं राहायचं बाथरूममध्ये! मग टेप चालू करून तो बास आणि ड्रम तेवढे ठेवायचा. गिटारचा एक फटका आत सोडायचा, लगेच बंद, आणि त्याची शेपटी टेप-एकोत घुमत राहायची. गायकाचा अर्धा शब्द यायचा आणि विरून जायचा. रिव्हर्बच्या स्प्रिंगला टपली मारून गडगडाट काढायचा. एका मोठ्या फिल्टरची खुंटी फिरवली की खालचे सूर गायब, उरायची नुसती सळसळ. हे सगळं दोन हातांनी, गाणं चालू असताना. सेव्ह नाही, अनडू नाही. पुन्हा केलं तर वेगळंच यायचं. याला वादन नाही म्हणायचं तर मग कशाला म्हणायचं?

(डब एकट्या टबीने शोधला असं माझं म्हणणं नाही. एरल थॉम्पसन, ली पेरी होतेच.)

मी त्याला ऐकवलं ते मुळात जेकब मिलरचं गाणं, निर्माता ऑगस्टस पाब्लो. आज लोक शोधून ऐकतात ती त्याची मागची बाजू. पण कायद्याच्या हिशोबात हक्क लिहिणाऱ्याचा, गाणाऱ्याचा, निर्मात्याचा. मिक्सरवर बसणारा मजुरीचा धनी. ज्याच्यामुळे रेकॉर्ड टिकली तो त्यात कुठेच नाही, आणि आपण मान डोलावून म्हणतो, बरोबर आहे, टेक्निशियनच होता.

अहो, आपणच? दोन हजार ओळींच्या कोडमधून पंधराशे उडवून तो धावता ठेवणाऱ्याला 'नवीन काय लिहिलंस?' असं विचारणारा मॅनेजर आपल्याला चालत नाही. मग टबीला तोच प्रश्न का?

त्याच्या हाताखाली जॅमी आणि सायंटिस्ट तयार झाले. एकच गाणं मोडून वेगळं बांधायचं, हा आजच्या प्रत्येक रिमिक्सचा धंदा तिथे सत्तरीच्या दशकात रोज चालत होता. ६ फेब्रुवारी १९८९ ला घराबाहेर कोणीतरी त्याला गोळी घातली. वय ४८.

काल रात्री मित्राला मूळ गाणं आणि डब, दोन्ही पाठवली. वर लिहिलं, ऑफिसातल्या त्या फुटकळ हेडफोनवर नको, घरी मोठ्या स्पीकरवर लाव, बास ऐकू आला पाहिजे. अजून उत्तर नाही.