स्वस्त शहराचा ताळेबंद

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही दोघे चार दिवस कोलंबोला जाऊन आलो. निघण्यापूर्वी सोसायटीतल्या अनुभवी मंडळींनी बजावले होते, "सध्या तिकडे सगळं स्वस्त आहे. बॅग रिकामी घेऊन जा." पहिल्याच दिवशी दहा हजार भारतीय रुपये बदलून घेतले, तर हातात छत्तीस-सदतीस हजारांची थप्पी आली. सौ.चा चेहरा दिवाळीच्या बोनससारखा उजळला.

पेट्टा हा कोलंबोचा जुना बाजार. मुंबईकराला तिथे भुलेश्वर आठवावे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या मशिदीपासून गल्ल्या फुटतात, एकेका गल्लीत एकेक जिन्नस. सौ.ने बाटिकचे दोन टेबलक्लॉथ घेतले, दालचिनी घेतली. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून घासाघीस सुरू करण्याचा आपला राष्ट्रीय रिवाजही पाळला. माल देणारा हसत होता. थप्पी जाड होती आणि मन प्रसन्न होते.

प्रसन्नतेला पहिला तडा गेला तो खाताना. तिथे कोत्तू नावाचा पदार्थ मिळतो. तापलेल्या तव्यावर रोटी, भाज्या आणि अंडे दोन पात्यांनी खडाखडा कुटतात. तो आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत जातो. आमचा रिक्षावाला आम्हाला त्याच्या ओळखीच्या गाडीवर घेऊन गेला. प्लेटचे हजार रुपये झाले. तो म्हणाला, "तीन वर्षांपूर्वी हेच चारशेला मिळायचं."

बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला असा आकडा झोपू देत नाही. रात्री हॉटेलच्या कागदावर हिशेब मांडला. २०२१ मध्ये आपल्या एका रुपयाला त्यांचे सुमारे २ रुपये ७० पैसे मिळत. आता पावणेचारच्या आसपास. म्हणजे तेव्हाचा चारशेचा कोत्तू मला दीडशेला पडला असता, आता हजाराचा दोनशे सत्तरला पडला. स्वस्त कुठला? मलासुद्धा तो जवळजवळ दुप्पट महाग झाला होता. पण रिक्षावाल्याला तो अडीचपट महाग झाला होता. महागाईवर मला विनिमय दराची सूट होती, त्याला नव्हती. आपण ज्याला स्वस्ताई म्हणतो, ती एवढीच.

हे घडले कसे, ते आता जगजाहीर आहे. २०१९ च्या अखेरीस सरकारने कर घाईघाईने कमी केले. मग कोविडने पर्यटन बसले. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर अचानक बंदी आली आणि पिके घसरली. डॉलरमधले कर्ज डोक्यावर होते, तरीही रुपयाचा दर डॉलरला दोनशेच्या आसपास धरून ठेवण्यात गंगाजळी खर्च होत राहिली. मार्च २०२२ मध्ये तो हात सुटला आणि काही आठवड्यांत दर साडेतीनशेच्या पलीकडे गेला. एप्रिलमध्ये परकीय कर्जाची फेड थांबली, जुलैत अध्यक्ष देश सोडून गेले, आणि सप्टेंबरमध्ये महागाई सत्तर टक्क्यांवर पोहोचली.

तिसऱ्या दिवशी पेट्ट्यातल्या सी स्ट्रीटवर, सराफांच्या गल्लीत गेलो. एका वयस्कर तमिळ सराफाने सांगितले, "त्या वर्षी गर्दी होती, पण घेणाऱ्यांची नाही. बांगड्या मोडायला येत होते." आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ तत्काळ म्हणाले, "आपण यांना चारशे कोटी डॉलरची मदत केली म्हणून वाचले." मदत खरी आहे आणि मोलाची आहे. पण मला आठवला जुलै १९९१. तेव्हा मी बँकेच्या परकीय चलन विभागात होतो. जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर देशात उरले होते आणि रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण म्हणून गेले. आयातदार काउंटरवर हात जोडत आणि आम्ही परिपत्रक दाखवत असू. बांगड्या मोडणे काय असते, ते आपल्यालाही ठाऊक आहे. फक्त आपण विसरलो.

परतीच्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर रिक्षावाला मोकळा झाला. तो पूर्वी एका खासगी कंपनीत होता. फंड अजून खात्यात आहे, पंचावन्नाव्या वर्षी मिळेल. मी बँकेतला म्हटल्यावर त्याने विचारले, "माझ्या फंडाचं काय केलं हो त्यांनी?" २०२३ मध्ये देशांतर्गत कर्जाची फेररचना झाली. सरकारने बँकांकडचे रोखे वगळले आणि भार भविष्य निर्वाह निधीवर टाकला. जुन्या रोख्यांऐवजी त्याला लांब मुदतीचे नवे रोखे मिळाले, व्याज २०२५ पर्यंत १२ टक्के, पुढे ९ टक्के. मी त्याला बँकवाल्याचे उत्तर दिले : बँका बुडाल्या असत्या तर सगळ्यांच्याच ठेवी गेल्या असत्या. ते उत्तर खोटे नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे बँक वाचली ती माझ्या म्हातारपणावर."

यावर माझ्याकडे परिपत्रक नव्हते.

देशाचा तोटा शेवटी कुणाच्या तरी नावे टाकावाच लागतो. संकटात कसोटी लागते ती याच नोंदीची. जो रांगेत उभा राहून ओरडू शकतो, त्याचे नाव टळते. ज्याचे पैसे वीस वर्षांनी मिळायचे आहेत, त्याला पत्ताही लागत नाही. व्याजावर घर चालवणाऱ्या आपल्या पिढीने आणि पगारातून फंड कापला जाणाऱ्या पुढच्या पिढीने हे लक्षात ठेवलेले बरे.

उतरताना उरलेली थप्पी मी त्याच्या हातात ठेवली. त्याने भाड्याचे तेवढे मोजून घेतले आणि बाकीचे परत दिले.