दप्तरातील नोंद आणि आजन्म प्रतिज्ञा

नालासोपाऱ्याच्या रेल्वेरुळांच्या पश्चिमेस प्राचीन शूर्पारक, जेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप उकरून काढला आणि अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा उजेडात आणला. आणि पूर्वेस तुळिंज, जेथे मुंबईत घर न परवडणाऱ्या असंख्य कुटुंबांनी गेल्या काही दशकांत आपली बिऱ्हाडे थाटली. पश्चिमेकडे गास, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल अशी गावे आहेत, जेथील ख्रिस्ती घराण्यांत स्नानसंस्कार म्हटला की तान्हे मूल, त्याच्या अंगावरचे शुभ्र झबले, शेजारी उभे असलेले धर्मपिता-धर्ममाता आणि सायंकाळी मांडवातली आप्तेष्टांची पंगत, एवढे चित्र आपोआप डोळ्यांपुढे येते. तुळिंजच्या चाळी-इमारतींत मात्र केरळ, तमिळनाडू, मराठवाडा, उत्तरेकडील प्रांत अशा नाना ठिकाणांहून आलेली माणसे राहतात. त्यांच्यात जे ख्रिस्ती आहेत त्यांपैकी काही कॅथलिक देवळात जातात, तर काही भाड्याच्या गाळ्यात भरणाऱ्या प्रार्थनासभांना, आणि या सभांत बाप्तिस्मा घेणारा बहुधा कळता-सवरता मनुष्य असून तो स्वतःच्या पायांनी पाण्यात उतरतो. विधीच्या या दोन रीतींत अंतर पुष्कळ असले, तरी बाहेरचा समाज दोहोंकडे पाहून एकच प्रश्न विचारतो, आणि तो म्हणजे ‘किती?’

हा प्रश्न विचारणारे दोन पक्ष आहेत. आपण किती आत्मे प्रभूपाशी आणले याचा अहवाल वरिष्ठांकडे रुजू करणारा उत्साही प्रचारक हा पहिला, आणि आपल्यातले किती गेले याची फेरिस्त वाचून अस्वस्थ होणारा धर्मरक्षक हा दुसरा. दोघे परस्परांचे कट्टर वैरी खरे, परंतु गृहीतकृत्य दोघांचेही एक आहे : बाप्तिस्मा म्हणजे एका समाजाच्या खात्यातून दुसऱ्या समाजाच्या खात्यात होणारी बदली. माझ्या मते या संस्काराची याहून मोठी विटंबना दुसरी नाही. ज्या विधीत मनुष्य ईश्वराला आणि आपल्या शेजाऱ्याला आयुष्यभराचे वचन देतो, त्यात गणती करता येते ती केवळ प्रसंगाची. वचनाची गणती होत नाही, ते पाळावे किंवा मोडावे लागते.

या वसई प्रांताचा इतिहास या बाबतीत निष्कलंक आहे असा दावा कोणीही करू नये. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, त्यानंतरच्या दोन शतकांत येथे जी धर्मांतरे झाली त्यांत श्रद्धेबरोबर राज्यकर्त्यांची मर्जी, लाभाची आशा आणि भीती यांचेही मिश्रण होते, हे प्रामाणिक ख्रिस्ती अभ्यासकांनीही नाकारलेले नाही. परंतु मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, फिरंगी अंमल उठला आणि युरोपीय पाद्र्यांची जागा देशी पाद्र्यांनी घेतली, तेव्हा जे घडले त्याचा विचार टीकाकारांनी क्वचितच केला आहे. ज्या सत्तेच्या छायेखाली हे लोक ख्रिस्ती झाले होते ती सत्ताच नाहीशी झाली. ख्रिस्ती राहण्यात आता कोणतेही इनाम उरले नाही. काही कुटुंबे पूर्वधर्मात परतली. पण बहुसंख्य शेतकरी, कोळी आणि कारागीर आपल्या देवळांपाशी राहिले, आणि मराठी मुलुखात, मराठीच्या बोली बोलत, पानवेलींच्या आपल्या वाड्यांत राहून त्यांनी आपला विश्वास चालविला. त्यांच्या पूर्वजांचा संस्कार कोणत्या हेतूने झाला असेल तो असो. त्याचा अर्थ पुढील पिढ्यांनी स्वतःच्या आचरणाने भरला. संस्काराचा दिवस आणि त्याच्या अर्थाचा दिवस एकच असतो असे नाही, ही गोष्ट वसईने पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती.

एकोणिसाव्या शतकातील तीन मराठी माणसांची चरित्रे याच सत्याची तीन निरनिराळी रूपे दाखवितात. बाबा पदमनजींनी १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेतला, तो वर्षानुवर्षांच्या मानसिक झगड्यानंतर. घर आणि ज्ञाती यांचे पाश तुटत असताना त्यांनी जे पाऊल उचलले त्याचा वृत्तान्त पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आला. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे बुद्धी गहाण टाकण्यास त्यांनी साफ नकार दिला, आणि पुढे १९०७ च्या सुमारास लिहिलेल्या आत्मनिवेदनात, आपणास ख्रिस्ती धर्म आधी मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी, अशा आशयाची कबुली त्यांनी निःसंकोचपणे दिली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा क्रम नेमका उलटा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा अंतःकरणाने ते कधीच ख्रिस्ताचे झालेले होते. आणि लक्ष्मीबाई, ज्यांना पतीच्या या निश्चयापायी दीर्घ ताटातूट सोसावी लागली, त्यांनीही त्यांच्यामागून निमूटपणे पाऊल टाकले नाही, तर आपल्या मनाची खात्री पटल्यावरच १९०० साली बाप्तिस्मा घेतला. याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही आसन दिले. पाण्याचे महत्त्व त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? त्यासाठी त्यांनी संसाराची राखरांगोळी पत्करली होती. परंतु पाणी हे दार आहे, दारातच वस्ती करून राहणारा मनुष्य घरात आला असे म्हणता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

विधीकडे लक्षपूर्वक पाहिले तर तोही हेच सांगतो. डोक्यावर पाणी ओतण्यापूर्वी, किंवा मनुष्य पाण्यात बुडण्यापूर्वी, त्याला प्रश्न विचारले जातात : सैतानाचा, त्याच्या कृत्यांचा आणि त्याच्या भुरळीचा तू त्याग करतोस काय? पित्यावर, पुत्रावर आणि पवित्र आत्म्यावर तुझा विश्वास आहे काय? आधी त्याग, मग स्वीकार, आणि त्यानंतर पाणी, असा हा अनुक्रम आहे. संत पौलाने या स्नानाला ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि त्याच्याबरोबर उठणे असे म्हटले, ते उगीच नव्हे. जुन्या मनुष्याला मृत्यू येणे ही सौम्य घटना नसते. आरंभीच्या शतकांतील मंडळी दीक्षार्थ्याची तयारी दीर्घकाळ करून घेत असे, आणि सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ साली मृत्युशय्येवर पडेपर्यंत बाप्तिस्मा लांबविला. त्याचे हे लांबविणे अनुकरणीय नसेल, पण या वचनाचे वजन त्याला कळले होते, आणि आपल्यापैकी पुष्कळांना ते कळत नाही.

येथे साहजिकच एक आक्षेप येतो, आणि तुळिंजच्या प्रार्थनासभांतून तो जोरकसपणे मांडलाही जातो : ज्या अर्भकाला बोलता येत नाही त्याने वचन दिले म्हणजे काय? आक्षेप नवा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधिकाळी तर्तुल्यनाने तो घेतला होता, आणि १५२५ साली झुरिकमधील सुधारकांच्या एका गटाने त्यापायी छळ सोसला. स्वयंनिर्णयाचा प्रश्न किती नाजूक असतो याचा अनुभव मराठी समाजालाही १८४३ साली आला होता, जेव्हा मिशनऱ्यांकडे गेलेल्या श्रीपत शेषाद्री या मुलाला मुंबईच्या न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले आणि त्याला ज्ञातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. परंतु शिशुस्नानाचे समर्थन करताना कॅथलिक परंपरा असे म्हणत नाही की मुलाने वचन दिले. ती म्हणते की वडीलधाऱ्यांनी ते दिले. प्रश्न आईबापांना आणि धर्मपालकांना विचारले जातात, आणि उत्तरही तेच देतात. कोर्टकचेरीच्या भाषेत बोलायचे तर ते जामीन राहतात, आणि जामीनदाराची जबाबदारी मांडवातली पंगत उठताच संपत नाही. पुढे दृढीकरणाच्या वेळी त्या मुलाने तो करार स्वतःच्या नावावर करून घ्यावयाचा, आणि दरवर्षी पुनरुत्थानाच्या जागरणात मेणबत्ती हातात धरून सर्व मंडळीने तो पुन्हा उच्चारावयाचा, अशी योजना आहे. दोष शिशुस्नानात नसून जामीनदारांच्या विस्मृतीत आहे. मामा श्रीमंत आहे किंवा आखातात नोकरीला आहे म्हणून त्याला धर्मपिता नेमणारे घराणे बालकाला उत्तम साखळी मिळवून देईल. साथ मिळेलच याची हमी कोण देणार?

वचनाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, हेही विसरता कामा नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती मूलतः हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, परंतु दलित ख्रिस्ती अद्याप बाहेरच आहे. मराठवाड्यातून तुळिंजला आलेल्या अशा एखाद्या तरुणाच्या बाबतीत देवळाच्या दप्तरातील एक ओळ त्याच्या शिष्यवृत्तीवर आणि नोकरीवर घाला घालू शकते. मग मंडळीने त्याला बदल्यात काय द्यावे? ख्रिस्तात बाप्तिस्मा पावलेल्यांत यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र हा भेद उरला नाही असे पौलाने लिहून ठेवले आहे. आणि आमच्याकडे अजूनही पुष्कळ ठिकाणी सोयरीक जुळविताना कुपारी, वाडवळ, कोळी यांची विचारपूस आधी होते, आणि परप्रांतातून आलेल्या ख्रिस्ती माणसाकडे ‘बाहेरचा’ म्हणून पाहिले जाते. सरकारी आदेशावर टीका करण्याचा आपला हक्क अबाधित आहे, पण तो बजावण्यापूर्वी आपल्या बाकावर त्या तरुणाला जागा करून दिलेली असावी.

राज्यसंस्थेलाही या संस्काराच्या स्वरूपातून एक बोध घेता येईल. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही असा निवाडा दिला, तेव्हा अनेक ख्रिस्ती मने दुखावली. वस्तुतः बाप्तिस्म्याचा विधीच सांगतो की कोणीही दुसऱ्याला ख्रिस्ती करू शकत नाही. प्रश्न ज्याला विचारला आहे त्यानेच उत्तर दिले पाहिजे. मात्र हाच न्याय पुढे नेला तर असेही निष्पन्न होते की जो स्वतः उत्तर देत आहे त्याच्या आणि त्याच्या सदसद्विवेकबुद्धीच्या मध्ये कोणत्याही अंमलदाराने उभे राहू नये. आमिष आणि जुलूम यांना शिक्षा अवश्य व्हावी. विवेकाला परवाना मागण्याची पाळी येऊ नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा देताना आपल्या अनुयायांकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या, त्याही कोणाच्या परवानगीने नव्हे. आणि त्या दीक्षेचे थोरपणही प्रतिज्ञांच्या आचरणातच शोधावे लागते.

वचन आचरणात आणण्याचे एक जवळचे उदाहरण वसईच्या ख्रिस्ती समाजापुढे आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन करता करता हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे येथील पाणी, जमीन आणि हिरवाई यांच्यासाठी लढा दिला, आणि त्या लढ्यात सर्व धर्मांची माणसे एकत्र आली. विहिरीचे पाणी वाचविणे आणि स्नानसंस्काराचे पाणी आशीर्वादित करणे ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामे नव्हती. आज तुळिंजमध्ये तेच काम निराळ्या रूपात पडून आहे : पहिल्या मुसळधार पावसात घरात शिरणारे पाणी, टँकरची वाट पाहणाऱ्या गृहिणी, भाषा न येणारा भाडेकरू, पहाटेच्या गाडीला लोंबकळून जाणारा कामगार. ज्या धर्मगुरूला स्नानसंस्कारापूर्वी आईबापांचा आणि धर्मपालकांचा वर्ग घ्यावयाचा असतो, त्याने प्रश्नोत्तरी पाठ करून घेण्यात सारा वेळ न दवडता, या वस्तीत तुम्ही कोणाचे काय होणार आहात, असे त्यांना विचारावे; आणि ज्या प्रार्थनासभेचा पाळक प्रौढाला पाण्यात उतरवितो, त्यानेही वर्षभराने त्याच्या घरी जाऊन, सुटलेले व्यसन सुटलेलेच आहे काय, बायकोवर उगारलेला हात खाली आला काय, एवढे पाहावे. बाप्तिस्म्याची तारीख दप्तरात केव्हाही सापडेल. तो खरा झाला की नाही, याची साक्ष मात्र शेजारच्या घरातूनच काढावी लागेल.