पुस्तकपेढी : रोजमेळात न मावणाऱ्या गोष्टी

व्यापारी घराला वही नवी नाही. रोजमेळ, खतावणी, उधारीची वही आणि दिवाळीत पूजेला लागणारी चोपडी यांच्या संगतीतच घरातील मुले मोठी होतात. तरीही कपाटात कथा-कादंबऱ्या किती, असे विचारले तर उत्तर बहुधा दोन-चार नावांवर थांबते : 'ययाती', 'स्वामी', 'मृत्युंजय' आणि कोणाच्या तरी लग्नात भेट आलेले एखादे पुस्तक. ही पुस्तके थोर आहेत, परंतु त्यांतील सर्वांत अलीकडचे, म्हणजे 'मृत्युंजय', 1967 सालचे आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मालावर कोणीही दुकान चालवीत नाही. वाचनाच्या बाबतीत मात्र अनेक घरांचा साठा तेथेच थांबलेला दिसतो.

कादंबरी वाचून उपयोग काय, हा व्यापाऱ्याचा प्रश्न गैर नाही. प्रत्येक रुपयाचा हिशेब मागण्याची ज्याला सवय आहे, तो तासांचाही हिशेब मागणारच. त्याचे एक सरळ उत्तर असे की, रोजमेळात पैसा कोठून आला आणि कोठे गेला एवढेच लिहिले जाते. तो येताना घरात काय बदलले, कोण गप्प झाले आणि शेजारच्या कोणाचा धंदा बसला, याची नोंद करायला त्यात रकाना नसतो. ती नोंद कथाकार ठेवतो.

सातारा-सांगलीच्या वाचकांना याचे अगत्य अधिक असावे, अशी परिस्थिती आज आहे. जानेवारी 2026 मध्ये 99 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन साताऱ्यात झाले. त्यापूर्वी 1993 मध्ये विद्याधर गोखले यांच्या अध्यक्षतेखाली ते येथे भरले होते. यंदाचे अध्यक्ष विश्वास पाटील हे कोल्हापूर जिल्ह्यातील नेर्ले गावचे, तर 2025 मधील दिल्लीच्या संमेलनाच्या अध्यक्षा डॉ. तारा भवाळकर सांगलीच्या. वि. स. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, अण्णा भाऊ साठ्यांचा वाटेगावचा, तर व्यंकटेश माडगूळकरांचे माडगुळे आटपाडी तालुक्यातले. एवढी थोर परंपरा उंबऱ्याशी असताना आजचे लेखक काय लिहितात, हे ठाऊक असायला हवे. त्यासाठी गेल्या दहा-बारा वर्षांतील काही निवडक पुस्तकांची ही शिफारस, निरनिराळ्या आवडींना धरून.

कापडाच्या व्यापाऱ्याने प्रथम वाचावी अशी

देविदास सौदागर यांची 'उसवण' ही कादंबरी एका शिंप्याची आहे. लेखक तुळजापूरचे आणि त्यांनी स्वतः शिवणकाम केलेले. या कादंबरीस 2024 चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांची दुकाने वाढत जातात, शिवून घेणारी गिऱ्हाइके कमी होतात आणि हातात कसब असूनही माणूस हळूहळू अल्टरेशनच्या कामावर येऊन ठेपतो, ही तिची मध्यवर्ती वेदना. आकाराने पुस्तक लहान आहे, दोन-तीन बैठकींत संपते. भाषा साधी, कोठेही आक्रस्ताळेपणा नाही.

साताऱ्याच्या खण आळीत काय किंवा सांगलीच्या मारुती रोडवर काय, ज्या घरांनी कापडाच्या ताग्यांकडून रेडीमेडकडे धंदा वळवला, त्यांच्या पायरीवर पूर्वी एक मशीन असे. गिऱ्हाईक कापड घेई आणि शेजारीच माप देई. दुकानाचा कायापालट झाला, काचेची दारे आली, मशीन मात्र नाहीसे झाले. यात कोणी अपराध केला, असे 'उसवण' म्हणत नाही. धंदा काळाप्रमाणे बदलावाच लागतो. पण आपल्या नफ्याच्या रेषेबरोबर दुसऱ्या कोणाची तरी रेषा खाली गेली, हे एकदा तरी पाहावे, एवढे भान ती देते. आज मोठ्या मॉलमुळे आणि मोबाइलवरील खरेदीमुळे हीच पाळी किरकोळ दुकानदारावर येऊ घातली आहे. त्यामुळे शिंप्याची ही कथा उद्या कोणाची असेल, हा विचार वाचकाच्या मनात आपोआप येतो.

एकत्र कुटुंबासाठी

विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' ही मूळची कन्नड लघुकादंबरी. ती मराठीतही आली आहे. बेंगळुरूमधील एक बेताच्या उत्पन्नाचे कुटुंब. वडिलांची विक्रेत्याची नोकरी जाते आणि धाकटा काका मसाल्याचा व्यवसाय सुरू करतो. व्यवसाय भरभराटीस येतो, घर मोठे होते आणि घरातील प्रत्येकाचे वागणे बदलते. कथा सांगणारा मुलगा नावापुरता संचालक आहे. त्याला काम नाही, पण पैसा मिळतो. कमावत्या काकाला दुखवायचे नाही, हा घराचा न बोललेला नियम बनतो. बाहेरून आलेली सून जेव्हा सरळ प्रश्न विचारू लागते, तेव्हा त्या घराची सुखाची घडी विस्कटते.

हळदीच्या व्यापाराने नाव मिळवलेल्या सांगलीत मसाल्याच्या पेढीची ही कथा परकी वाटणार नाही. एकत्र धंद्यात कोणाचा शब्द अखेरचा, कोणाच्या नावाने भागीदारी आणि कोणाच्या कष्टाने, सुनेचे मत कोठवर चालते, हे प्रश्न घरोघरी असतात. चारचौघांत ते बोलले जात नाहीत आणि बहुधा वाटणीच्या वेळी एकदम बाहेर येतात. वडील आणि मुलगा दोघांनीही हे पुस्तक वेगवेगळे वाचावे. नंतर त्यावर बोलताना स्वतःच्या घराचे नाव न काढताही बरेच काही बोलता येते. कथेचा हा उपयोग लहान नाही.

आपल्या मातीतील

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. धरणासाठी उठवलेल्या गावातील माणसे नव्या जागी जातात. मागे राहिलेली म्हैस परत आणण्यासाठी निघालेल्यांची ही कथा. जनावर रानात रुळते, माणूस मात्र नव्या जागी रुजत नाही, हे त्यातून ठळक होते. कोयनेच्या धरणाने सातारा जिल्ह्यातील आणि चांदोलीच्या धरणाने वारणेच्या खोऱ्यातील गावे उठली. त्या पाण्यावर आणि विजेवर खालच्या मुलखातील शेती, कारखाने व बाजारपेठा वाढल्या. बाजारात बसणाऱ्याने त्या पाण्याची ही दुसरी बाजू वाचावी. याच विषयावरील विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (साहित्य अकादमी पुरस्कार, 1992) ज्यांनी वाचली आहे, त्यांना दोन पिढ्यांच्या लेखनातील फरकही दिसेल.

नवनाथ गोरे यांची 'फेसाटी' ही जत तालुक्यातील कादंबरी. दुष्काळी भागातील गरीब घरच्या मुलाने शिक्षणासाठी केलेली झुंज तिथल्याच बोलीत सांगितली आहे. लेखक त्याच तालुक्यातील आणि 2018 च्या युवा पुरस्काराचे मानकरी. बोलीची पहिली दहा-पंधरा पाने थोडी अडतात, नंतर कानाला सवय होते. जतचा शेतकरी ज्यांच्या अडतीवर माल घालतो, त्यांना तर ती अडणारही नाही. हीच भाषा ते रोज ऐकतात.

इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी

'पानिपत'च्या (1988) वाचकांना विश्वास पाटील यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. शिवछत्रपतींवरील 'महासम्राट' ही त्यांची अलीकडची मालिका; 'झंझावात' आणि 'रणखैंदळ' हे तिचे खंड. घरातील ज्येष्ठांना मोठ्या अक्षरांत रमणारे, प्रसंगांनी भरलेले असे काही हवे असेल, तर याहून योग्य भेट शोधावी लागणार नाही. एक पथ्य मात्र पाळावे. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे इतिहासाचा दस्तऐवज नव्हे. मनातील विचार आणि संवाद लेखकाने रचलेले असतात. कीर्द आणि पावती यांत जो भेद, तो इतिहासग्रंथ आणि कादंबरी यांत मुलांना समजावून द्यावा.

उद्याचे जग

विज्ञानकथा म्हटले की जयंत नारळीकरांचे नाव पुढे येते. कोल्हापुरात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाचे मे 2025 मध्ये निधन झाले. 'यक्षांची देणगी' आणि 'प्रेषित' ही त्यांची पुस्तके आजही नववी-दहावीच्या मुलांना बेधडक द्यावीत.

त्यापुढचे पाऊल म्हणजे नंदा खरे यांची 'उद्या'. व्यवसायाने स्थापत्य अभियंता असलेल्या खरे यांना या कादंबरीसाठी 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नम्रपणे नाकारला. माणसाच्या प्रत्येक हालचालीची माहिती गोळा करून त्यावर सत्ता गाजवणारी व्यवस्था हा तिचा विषय आहे. गिऱ्हाइकाची आवड पूर्वी दुकानदाराच्या डोक्यात असे, आता ती कंपन्यांच्या यंत्रांत साठते. त्याचा शेवट कोठे, हे ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याने ती वाचावी. वाचायला ती सोपी नाही. सलग वेळ हाताशी असताना घ्यावी.

रहस्य आणि भय

बाबूराव अर्नाळकर आणि नारायण धारप यांच्या पुस्तकांची वाचनालयात वाट पाहिलेली पिढी अजून आहे. त्या धाटणीचे, पण आजच्या जाणिवेचे लेखन हृषीकेश गुप्ते करतात. 'अंधारवारी' या कथासंग्रहापासून प्रारंभ करावा आणि मग 'दंशकाल' ही मोठी कादंबरी घ्यावी. भीती बाहेरच्या भुतापेक्षा घराच्या इतिहासातून येते, ही त्यांची खासियत. ही पुस्तके मात्र प्रौढांसाठी आहेत. शाळकरी मुलांच्या हाती देऊ नयेत.

तरुणांसाठी, आणि वेळ नसणाऱ्यांसाठी

प्रणव सखदेव यांच्या 'काळेकरडे स्ट्रोक्स'ला 2021 चा युवा पुरस्कार मिळाला. शहरी तरुणाची घुसमट आणि त्याचा भरकटलेला काळ तीत आहे. शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस मुले पाठवलेल्या पालकांना काही पाने खटकतील. तरीही मुलगा फोनवर सगळे ठीक आहे असे म्हणतो तेव्हा काय काय सांगायचे राहून जाते, याचा अंदाज त्यांना याच पानांतून येईल.

दुकान उघडे असताना कादंबरी वाचवत नाही, ही तक्रार रास्त आहे. त्यांनी कथा वाचावी. किरण गुरव यांचा 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' (साहित्य अकादमी पुरस्कार, 2021) हा संग्रह त्यासाठी उत्तम. खेड्यातून शहराकडे सरकणाऱ्या माणसांच्या या कथा दुपारच्या निवांत वेळात एकेक करून वाचता येतात. दिवाळी अंकांचाही हाच उपयोग. 1909 मध्ये का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नव्या कथेची ही वार्षिक पेठ अखंड भरते आहे.

मुलांसाठी

संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (बालसाहित्य पुरस्कार, 2022) वाचून झाल्यावर मुले स्वतःची वही लिहू लागली तर नवल नाही. भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' (बालसाहित्य पुरस्कार, 2024) ही साहसाची कथा रात्री मोठ्याने वाचून दाखवण्याजोगी आहे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवाला मराठी वाचायचा कंटाळा येतो, ही आजी-आजोबांची व्यथा. त्याला प्रथम वाचायला लावू नये, ऐकवावे. पुढे काय झाले, ही उत्सुकता अनावर झाली की तो स्वतःच पुस्तक हाती घेतो.

निवड आणि खरेदी

पुरस्काराची मुद्रा ही हॉलमार्कसारखी असते. कस कळतो, दागिना आपल्याला शोभेल की नाही ते कळत नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी पहिली दहा पाने वाचावीत. त्यासाठी पाचगणी-महाबळेश्वर मार्गावरचे भिलार उत्तम. 4 मे 2017 रोजी 'पुस्तकांचे गाव' म्हणून ते वाचकांसाठी खुले झाले. तेथे घराघरांत मांडलेली पुस्तके कोणीही बसून वाचू शकतो. सुट्टीत स्ट्रॉबेरी आणण्यासाठी त्या बाजूला गाडी जातेच. अर्धा दिवस तेथे मुलांसह घालवावा.

गावातील वाचनालयांनाही विसरू नये. 2019 च्या महापुरात सांगली नगर वाचनालयात पाणी शिरले आणि पिढ्यांनी जपलेली पुस्तके भिजून गेली. त्या पुरात पेठेतील गोदामेही बुडाली. व्यापाऱ्यांनी नवा माल भरून दुकाने पुन्हा उभी केली. वाचनालयाचा माल मात्र वाचकांनी आणि देणगीदारांनी भरायचा असतो. घरात एखादे पुस्तक घेताना त्याचीच दुसरी प्रत वाचनालयास दिली, तर खर्च दुप्पट होतो आणि वाचणारे शंभर होतात. एवढा परतावा दुसऱ्या कोणत्या व्यवहारात मिळतो, हे ज्याने त्याने पाहावे.

वर्षास बारा पुस्तके पुष्कळ झाली; चार झाली तरी हरकत नाही. प्रारंभ 'उसवण'ने करावा. वाचून झाल्यावर ती प्रत कपाटात न ठेवता दुकानातील तरुण सहकाऱ्याला द्यावी आणि आठवड्याने त्याला कशी वाटली, ते विचारावे.