एका दिवसाची यात्रा

नॉर्वे देशांत ओस्लो शहरापासून उत्तरेस ट्रोंडहाइमपर्यंत यात्रेची एक जुनी पायवाट आहे. तिची लांबी ६४३ किलोमीटर. गुडब्रांड्सडाल नांवाच्या लांबच लांब खोऱ्यांतून ती वर चढते, डोव्हरेचे उघडे डोंगर ओलांडते, आणि मग रानांतून व शेतांतून उतरत समुद्राकांठीं येते. ट्रोंडहाइमचें जुनें नांव निदारोस. तेथील भव्य दगडी मंदिर हें या वाटेचें शेवटचें ठिकाण. जो यात्रेकरू निदान शेवटचे १०० किलोमीटर पायीं चालून येतो, आणि वाटेंतील मुक्कामांचे शिक्के दाखवितो, त्यास तेथें ‘ओलाव्हपत्र’ या नांवाचें प्रशस्तिपत्र मिळतें. जो एकच मजल चालून येतो त्यास तें मिळत नाहीं. प्रशस्तिपत्राची गोडी आपणां शाळेंतील मंडळींस काय सांगावी ! परंतु एका दिवसाची ती कसली यात्रा, असें जें पुष्कळांच्या मनांत येतें, तें मला मान्य नाहीं. आणि तें कां, हें येथें मांडावयाचें आहे.

प्रथम थोडा इतिहास. ओलाव्ह हाराल्डसन हा नॉर्वेचा राजा २९ जुलै १०३० रोजीं स्टिक्लेस्टाडच्या लढाईंत पडला. त्यानें आपल्या प्रजेंत ख्रिस्ती धर्म रुजविला खरा, पण तो नेहमीं प्रेमानेंच रुजविला असें नाहीं. बाप्तिस्मा नाकारणारांस त्यानें हद्दपार केलें, कित्येकांचे हातपाय तोडविले, असें जुन्या बखरींत स्पष्ट लिहिलें आहे. त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या सैन्यांत शेतकऱ्यांचा मोठा भरणा होता. आणि नवल असें कीं, सुमारें एका वर्षानें, १०३१ मध्यें, तोच राजा संत म्हणून जाहीर झाला, व त्याच्या कबरीकडे लोकांची रीघ लागली. ही गोष्ट यात्रेच्या वर्णनांत झांकून ठेवूं नये. ज्या पुरुषाच्या नांवानें आपण चालतों त्याचे दोष ठाऊक असूनहि चालतां येतें. किंबहुना ते ठाऊक असावेतच.

पुढें १५३७ मध्यें धर्मसुधारणा त्या राज्यांत आली, आणि यात्रा बंद करण्यांत आल्या. ओलाव्हची चांदीची पेटी कोपनहेगन येथें नेऊन वितळविली गेली. त्याचा देह मंदिरांतच कोठें तरी पुरला, पण नेमकी जागा आज कोणासहि दाखवितां येत नाहीं. शतकेंच्या शतकें वाट रानांत बुजून गेली. तिच्यावर खुणांचे दगड बसवून ती पुन्हा उघडण्यांत आली ती १९९७ सालीं, ट्रोंडहाइमला हजार वर्षें पुरीं झालीं तेव्हां.

आतां शेवटची मजल कशी आहे तें पाहूं. स्कौन गांवच्या जुन्या दगडी मंदिरावरून पुढें आलेला वाटसरू गौला नदीच्या कांठीं सुंदेत नांवाच्या शेतवाडीवर मुक्काम करतो. नदीवर मोटारींचे पूल आहेत, पण यात्रेची वाट पुलावरून जात नाहीं. सकाळीं वाडीचा शेतकरी आपली लहानशी होडी काढतो आणि वल्हीं मारीत यात्रेकरूंस पैलतीरीं पोंचवितो. ज्यांच्या पूर्वजांनीं त्या राजावर शस्त्र उचललें, तेच शेतकरी आज त्याच्या यात्रेकरूंस नदीपार नेतात. सगळ्या वाटेंत मला याहून मोठी गोष्ट कोणतीच दिसत नाहीं.

पलीकडे सुमारें वीस-बावीस किलोमीटरांची चाल. प्रथम शेतांचे बांध, मग चढण, मग रान. स्प्रूस नांवाचे काळपट हिरवे, सुईसारख्या पानांचे वृक्ष एकमेकांस खेटून उभे असतात. त्यांच्यामधून भूर्जाचीं पांढरीं खोडें चमकतात. खालीं शेवाळाचा जाड थर, त्यांत पाऊल टाकलें तर आवाजच होत नाहीं. दलदल असेल तेथें लांकडाच्या फळ्या टाकलेल्या असतात. पावसांत त्या निसरड्या होतात, म्हणून सावकाश चालावें. उन्हाळ्याच्या अखेरीस वाटेच्या कडेला निळीं रानफळें पिकतात. तीं तोडून खाण्यास कोणी मना करीत नाहीं. (डांसांविषयीं मीं कांहीं लिहीत नाहीं. ते आपला परिचय आपणच करून देतात.)

मना करीत नाहीं, याला कारण आहे. नॉर्वेंत पडीक व रानवट जमिनीवरून, ती खाजगी असली तरी, कोणासहि पायीं जाण्याचा हक्क आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची ही चाल १९५७ मध्यें कायद्यांत लिहिली गेली. तिला मर्यादाहि आहेत. कोणाच्या घरापासून १५० मीटरांच्या आंत तंबू ठोकूं नये. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळांत रानांत किंवा रानाजवळ आग पेटवूं नये. वाट अशी राखली जाते: मालकाच्या विश्वासानें आणि वाटसरूच्या शिस्तीनें. हा विश्वास महिनाभर चालणाराला एक आणि दिवसभर चालणाराला दुसरा, असा वेगळा नसतो.

आतां आक्षेप. कोणी म्हणेल, डोव्हरेचा थंड वारा ज्यानें अंगावर घेतला नाहीं, त्याला शेवटच्या टेकडीचा आनंद कसा समजावा ? या म्हणण्यांत तथ्य आहे, तें मी नाकारीत नाहीं. महिनाभराच्या श्रमानंतर दिसणारा कळस निराळाच. परंतु जुन्या काळीं आजारी माणसें, लेंकुरवाळ्या बायका, धन्याची परवानगी मिळेल तितकाच वेळ बाहेर राहूं शकणारे गडी, हे काय महिनाभर चालूं शकत होते ? सिग्रिड उंडसेट या लेखिकेस १९२८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तिच्या कादंबरीची नायिका क्रिस्टीन आपल्या पापाच्या प्रायश्चित्तासाठीं अनवाणी, तान्हें मूल पाठीशीं बांधून, निदारोसला जाते. नॉर्वेच्या वाङ्मयांत हिच्याहून प्रसिद्ध यात्रेकरू नाहीं. ती निघते कोठून ? याच स्कौन भागांतील हुसाबी या गांवाहून. म्हणजे तिची वाट फार झाली तर एक-दोन दिवसांची. आजच्या नियमानें पाहिलें तर तिला प्रशस्तिपत्र मिळालें नसतें !

शिवाय धर्मसुधारकांनीं यात्रा बंद केल्या त्या कशासाठीं ? देवाची कृपा कोसांच्या मापानें विकत घेतां येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. तें खरें असेल तर ज्याचे कोस थोडे त्याची यात्रा हलकी, असेंहि ठरत नाहीं. बंदी कठोर होती असें मला वाटतें. त्यामागचा विचार मात्र आजच्या शिक्के जमविणारांनीं पुन्हा एकदां वाचावा. दिवसभराच्या वाटसरूला मी एकच अट घालीन. आपली पिशवी गाडीनें पुढें पाठवूं नये. भाकरी, पाणी आणि पावसाचा कोट एवढें ओझें कोणाहि धडधाकट माणसास जड नाहीं.

रान संपलें कीं शहराच्या कडेला एक उतार लागतो. त्याचें नांव फेगिन्सब्रेक्का, म्हणजे आनंदाची टेकडी. येथून मंदिर प्रथम दिसे, आणि जुने यात्रेकरू येथें गुडघे टेकीत. आज तेथें घरें आहेत, रस्ते आहेत, मोटारींचा आवाज आहे. तरी घरांच्या छपरांवरून मंदिराचा हिरवट कळस दिसतो. जुलैच्या अखेरीस तेथें रात्रीं दहा वाजतांहि उजेड असतो. सुंदेतहून उशिरां निघालेला, पायांना फोड आलेला माणूसहि तो पाहूं शकतो.