दुसरं कनेक्शन घ्यायच्या आधी भिंत बघा

आज छाटणीचं नाही, इंटरनेटचं लिहितोय. पंधरा दिवस आमच्या घरात यावरूनच धुसफूस चालू होती.

दादाची आणि माझी चूल वेगळी, पण घर एक आणि लाईनही एकच, ४० एमबीपीएसची. राऊटर माझ्या सोप्यात. त्यावर चार तऱ्हेची मशीनं. फवारणीच्या नोंदी ठेवायला माझा जुना डेस्कटॉप, त्याला वायफायच नाही. पोरीचा लॅपटॉप, त्यावर तिनं उबुंटू टाकलंय. पुतण्याचं मॅकबुक, तो मागल्या खोलीतनं पुण्याच्या कंपनीचं काम करतो. वर सगळ्यांचे मोबाईल. पुतण्याची मीटिंग अडकायची, पोरीचं लेक्चर थांबायचं आणि दोघं एकमेकांवर ढकलायची. शेवटी दादा म्हणाला, "तू तुझं बघ, आम्ही आमचं नवीन घेतो."

हेच वाक्य मी विहिरीच्या मोटारीच्या वेळी ऐकलंय. आज एका विहिरीवर दोन मोटारी आहेत आणि पाणी होतं तेवढंच आहे. म्हणून म्हणलं, दादा, आठ दिवस दे.

माझं मत सरळ आहे. एका घरात वेगळ्या तऱ्हेची कॉम्प्युटर आहेत म्हणून वेगळं कनेक्शन लागत नाही. विंडोज, मॅक, उबुंटू, राऊटरला काही फरक पडत नाही. बाहेरच्या जगाला आपल्या घराचा एकच पत्ता दिसतो, आत राऊटर प्रत्येकाला १९२.१६८ असा काहीतरी घरातला नंबर देतो आणि ज्याचं त्याला पोचवतो. ही सोय नवीन नाही, १९९० च्या दशकापासूनची आहे.

मग अडत कुठं होतं? पोरीनं लॅपटॉप राऊटरला वायरनं जोडून स्पीड मोजला, ३८ आला. तोच लॅपटॉप मागल्या खोलीत वायफायवर, ४. मधी दीड फुटी दगडमातीच्या दोन भिंती! ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण असल्या भिंतीपुढं दम तोडतं. २.४ चं पोचतं, पण हळू. आणि मला नवीन कळलेली गोष्ट म्हणजे हवेतली पाळी सगळ्यांना एकच असते. लांबचं, कमजोर सिग्नलचं मशीन तेवढ्याच डेटाला जास्त वेळ घेतं. ज्याचा पाईप बारीक त्याची टाकी भरेपर्यंत बाकीचे बांधावर बसून, तसंच. म्हणजे पुतण्याला त्रास होता आणि त्याच्यामुळंच पोरीलाही. चूक दोघांचीही नव्हती.

दादानं नवीन कनेक्शन घेतलं असतं तर मागल्या खोलीत नवा राऊटर बसला असता, स्पीडही आला असता. आणि जुनी लाईनच खराब होती असं आम्ही जन्मभर म्हणत बसलो असतो.

केलं काय, तर साठ फूट लॅन केबल ओढली (ही १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते) आणि माळ्यावर पडलेला जुना राऊटर मागल्या खोलीत लावला. यात एक मेख आहे. जुन्या राऊटरचा स्वतःचा पत्ता बदलायचा, त्याचं डीएचसीपी बंद करायचं आणि केबल त्याच्या लॅनच्या भोकात घालायची, वॅनच्या नाही. डीएचसीपी चालू ठेवलं तर दोन तलाठी एकाच गावात नंबर वाटायला लागल्यासारखं होतं. आमचा पहिला दिवस यातच गेला.

माझ्या डेस्कटॉपवर वेबसाईट उघडत नव्हत्या, त्याचाही दोष मी नेटलाच देत होतो. आतला बटणसेल संपलेला, तारीख २००९ दाखवत होता. तारीख चुकली की सुरक्षित साईट दार उघडत नाहीत. सेल बदलला, उघडल्या. पण त्यावर विंडोज ७ आहे, त्याचे सुरक्षेचे अपडेट जानेवारी २०२० लाच थांबले, म्हणून बँकेचं काम त्यावर करत नाही.

काहीजण म्हणतील, महिन्याचे पाचसहाशे म्हणजे काय एवढं? घ्या की, पण आधी वायरनं मोजून बघा. वायरनंही कमी येत असेल तर लाईनवाल्याला धरा. वायरनं पूर्ण येत असेल तर घर तपासा. आणि शेजारपाजाऱ्याला वाटत बसू नका, कनेक्शन ज्याच्या नावावर, उद्या विचारणा त्यालाच.

अपडेट आणि मोठी डाऊनलोडं रात्री दहानंतर टाकायची असं पोरांनी आपसात ठरवलंय. दादानं बिलाचा निम्मा वाटा न मागता दिला. वहिनीनं काल केबलवर टॉवेल वाळत घातला होता, तेवढ्या क्लिपा वर ठोकायच्या राहिल्यात.