मुगाच्या पाण्यावर माणूस तगत नाही

गेल्या महिन्यात एक ताई आपल्या शौहरना घेऊन माझ्याकडे आल्या. पिशवीत रिपोर्टांची जाडजूड फाइल आणि एक छोटी वही. वहीत तीन महिन्यांचं खाणं तारखेवार लिहिलेलं. सकाळी पेज, दुपारी मुगाचं पाणी आणि उकडलेला दुधी, रात्री पुन्हा पेज. अंडं बंद, गोश्त बंद, मासळी बंद, तेल-तूप बंद, हळदसुद्धा बंद. "बाजी, ह्यांना मी काहीच चुकीचं देत नाही हो," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. समोर बसलेल्या भाईंचं पोट पाण्यानं फुगलेलं होतं, आणि दंड माझ्या मनगटाएवढे उरले होते.

आधी एक गोष्ट बोलून टाकते, कारण ती त्या ताईंना औषधापेक्षा जास्त छळत होती. भाईंनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. तरी 'लिव्हर सिरॉसिस' हा शब्द मोहल्ल्यात पसरला आणि लोक वेगळ्या नजरेनं बघू लागले. मयतीच्या घरीसुद्धा कुणीतरी विचारलं म्हणे, "आधी कधी घेत होते का?" दारू हे सिरॉसिसचं मोठं कारण आहे, पण एकमेव नाही. हिपॅटायटिस बी आणि सी वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरतात. मधुमेह आणि वाढलेलं पोट यांच्या जोडीनं येणारं फॅटी लिव्हरही काहींच्या बाबतीत शेवटी इथंच पोचतं. भाईंना पंधरा वर्षांची शुगर आहे. आजाऱ्याची विचारपूस करणं पुण्याचं काम आहे, उलटतपासणी घेणं नाही.

आता त्या वहीकडे येऊ. यकृत हे शरीराचं साखरेचं कोठार असतं. आपण रात्री जेवून झोपतो तेव्हा पहाटेपर्यंत शरीर या कोठारातली साखर वापरतं. सिरॉसिसमध्ये कोठारच आक्रसलेलं असतं. म्हणून निरोगी माणसाची दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर जी अवस्था होते, ती या रुग्णाची एका रात्रीत होते. मग शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर बनवायला लागतं. दंड बारीक होतात ते यामुळे. आणि स्नायू गेले की ताकद जाते, जंतुसंसर्ग लवकर होतो. शिवाय रक्तातला अमोनिया निकामी करण्याचं बरंचसं काम आजारी यकृताच्या वतीनं स्नायूच करत असतात, तेही थांबतं.

जुन्या काळी डॉक्टरही अशा रुग्णाची प्रथिनं कमी करत. आता तो सल्ला मागे पडला आहे. आज सांगितलं जातं ते असं: पोटातलं पाणी वगळून जे खरं वजन असेल, त्याच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं. भाईंचं वजन काट्यावर 62 किलो दिसत होतं, पण पाणी वजा जाता ते 55 च्या आसपास धरलं. म्हणजे रोज 66 ते 82 ग्रॅम. मुगाच्या वरच्या पाण्यात ती जेमतेम नावाला असतात, कारण डाळ तळाशी राहते आणि ती घरातली बाकीची माणसं खातात.

घरच्या भाषेत हिशेब असा. दोन अंड्यांत 12 ग्रॅम. शंभर ग्रॅम मासळी किंवा कोंबडी, साधारण 20. दोन वाट्या घट्ट डाळ, 13 च्या आसपास. एक पेला दूध आणि वाटीभर दही मिळून 10. उरलेली पोळी, भाकरी, भातातून येतात. महाग काही नाही. ताईंना मी एवढंच म्हटलं, "तुम्ही जे बंद केलंत, ते पुन्हा सुरू करा." त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

काही रुग्णांच्या मेंदूवर या आजाराचा परिणाम होतो. दिवसा झोप, रात्री जाग, हात पसरल्यावर पंजे फडफडणं, ओळखीचा शब्द न आठवणं. इशाच्या नमाजात रकातींचा घोळ कधीतरी सगळ्यांचाच होतो, पण तो रोज व्हायला लागला तर घरच्यांनी लक्ष द्यावं आणि डॉक्टरांना लगेच कळवावं. अशा वेळीही प्रथिनं बंद करायची नाहीत. गोश्त सोसत नसेल तर दूध, दही, पनीर, डाळी यांवर भर द्यावा, त्या अधिक सोसतात. डॉक्टरांनी लॅक्ट्युलोजचं गोड औषध दिलं असेल तर दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला होणं हेच अपेक्षित असतं. 'जुलाब लागले' म्हणून ते परस्पर बंद करू नका.

मिठाचं मात्र खरंच कडक राहावं लागतं. पोटात पाणी साठत असेल तर दिवसभराचं सगळं मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपल्याकडे अडचण वरून घेतलेल्या मिठाची कमी, लपलेल्या मिठाची जास्त असते. सुका जवळा, सुके बोंबील, पापड, लोणचं, फरसाण, बेकरीची खारी आणि बटर. सुकी मासळी पाण्यात भिजवून घेतली तरी तिचं मीठ पुरतं जात नाही, ती ताटातून काढाच. कोकणातल्या भगिनींनी आणखी एक लक्षात ठेवावं: कोकमाच्या आगळात मीठ घातलेलं असतं. आंबटपणासाठी लिंबू किंवा चिंच बरी. आलं, लसूण, पुदिना, भाजलेलं जिरं, मिरी सढळ हातानं वापरा. पहिले पंधरा दिवस जड जातात, मग जीभ सरावते.

"सैंधव चालेल ना?" हा प्रश्न दर दुसऱ्या घरातून येतो. सैंधवही मीठच. आणि बाजारातलं 'लो सोडियम' मीठ तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. पोटातलं पाणी उतरवायला बहुतेकांना स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी दिलेली असते. तीही पोटॅशियम वाढवते, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. पाणी पिणं मात्र सगळ्यांनाच कमी करावं लागत नाही. रक्तातलं सोडियम बरंच खाली गेलं असेल तरच डॉक्टर तसं सांगतात.

हळदीबद्दल. कावीळ पिवळी म्हणून पिवळं खाणं बंद, ही समजूत आहे. कालवणातली चिमूटभर हळद काही करत नाही. पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल वेगळ्या, त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. गुळवेलीचंही तसंच. कोरोनाच्या काळात घरोघर काढे उकळले गेले आणि गुळवेल घेणाऱ्यांना यकृताची सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलं. झाडपाल्याचं म्हणून निर्धोक, असं नसतं. बकरी ईदला कुणीतरी प्रेमानं म्हणतंच, कलेजी खाल्ली की कलेजा सुधारतो. नाही सुधारत. कलेजीत लोह आणि अ जीवनसत्त्व इतकं असतं की आजारी यकृताला ते ओझंच होतं. त्यापेक्षा बिनचरबीचे दोन-चार तुकडे आणि भरपूर डाळ घातलेला, बेताच्या मिठाचा दालचा द्या. कालवं, तिसऱ्या किंवा मासळी खायची तर पूर्ण शिजवूनच.

हे सगळं सिरॉसिसपर्यंत पोचलेल्या रुग्णासाठी. घरातल्या कुणाला नुसतं फॅटी लिव्हर असेल तर त्याचं ताट वेगळं. तिथं साखर, मैदा, तळण, थंड पेयं कमी करून वजन सात ते दहा टक्के उतरवणं हाच मुख्य उपाय आहे. एकाचा पथ्याचा कागद दुसऱ्याला लावू नका. भाईंचं असंच झालं होतं. त्यांच्या भावाचा तक्ता स्वयंपाकघरात चिकटवलेला होता.

रात्रीची उपासमार टाळायला झोपण्यापूर्वी थोडं खाणं, हा या आजारातला सगळ्यात स्वस्त इलाज आहे. एक पेला दूध, एक पोळी, एक केळं, एवढं पुरतं. मधुमेह असेल तर यातलं काय, किती, हे शुगर बघून डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. दिवसाही तीन-चार तासांपेक्षा जास्त रिकामं पोट नको.

मग रोजांचं काय? भाई तोवर गप्प होते, हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारला. चाळीस वर्षांत एकही रोजा सोडला नव्हता. ज्याच्या पोटात पाणी झालं आहे, ज्याला रक्ताची उलटी होऊन गेली आहे, किंवा ज्याचा मेंदू एकदा भरकटला आहे, त्याला तेरा-चौदा तासांचा उपास घातक ठरू शकतो. आजार सुरुवातीचा आणि स्थिर असेल त्यांनीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. सूरह बकराच्या 184 व्या आयतीत आजाऱ्याला सवलत दिलेली आहे. आजार बरा होणारा नसेल तर फिदयाचं कसं करायचं, ते जवळच्या आलिमांना विचारा. मी भाईंना म्हटलं, सहरीला घरच्यांबरोबर जरूर उठा. तुम्हाला त्या वेळी खायची गरज त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

ते पहिल्यांदाच हसले. ताईंनी वहीचं नवं पान उघडलं आणि लिहायला घेतलं: सकाळी दोन अंडी. रोज उठल्याबरोबर वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "बाजी, सुरमईचा तुकडा केवढा?" मी माझा तळहात पुढे केला, बोटं सोडून.